नेटवर्कमधला महत्त्वाचा नोड: डिग्री, बिटवीननेस, क्लोजनेस की पेजरँक?

एकाच नेटवर्कवर महत्त्व मोजणारी दोन मापे लावली की दोन वेगळे 'सर्वात महत्त्वाचे' नोड (म्हणजे जाळ्यातले जोडलेले बिंदू: माणसे, घराणी, वेबपाने) निघतात आणि आपण गणितातली चूक शोधत बसतो. चूक बहुतेक वेळा नसतेच. दोन्ही मापे वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १५व्या शतकातल्या फ्लॉरेन्समधल्या घराण्यांच्या सोयरिकींचे जाळे. पॅजेट आणि अ‍ॅन्सेल यांच्या १९९३च्या लेखामुळे ते प्रसिद्ध झाले. त्यातली १५ घराणी एकमेकांशी जोडलेली आहेत. मेडिची ६ सोयरिकींसह कोणत्याही मापाने पहिले येतात, त्यामुळे खरी गंमत त्यांच्या खाली आहे. स्ट्रोझी आणि ग्वादाग्नी, दोघांच्याही सोयरिकी ४, म्हणजे डिग्रीने बरोबरी. बिटवीननेस काढला तर ग्वादाग्नी ०.२५५ आणि स्ट्रोझी जेमतेम ०.१०३. आयगेनव्हेक्टर (वजनदार शेजारी असतील तर जास्त गुण देणारे माप) लावला की पारडे फिरते: स्ट्रोझी ०.३५६, ग्वादाग्नी ०.२८९.

असे का? स्ट्रोझींच्या व्याह्यांची आपसातही लग्ने झालेली. त्यामुळे त्या घट्ट गटात वजन आहे, पण कुणाचे अडत नाही, कारण निरोप दुसऱ्या वाटेनेही जातो. उलट लांबेर्तेस्की घराण्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा ग्वादाग्नी हा एकच दुवा. बिटवीननेस नेमकी ही अडवणुकीची ताकद मोजतो: इतरांमधल्या सर्वात जवळच्या वाटांपैकी किती वाटा तुमच्या दारावरून जातात.

म्हणून कोणता नोड पडला तर जाळे तुटेल, हा प्रश्न असेल तर मी बिटवीननेसच घेईन. त्याच्या दोन खोडी मात्र ध्यानात ठेवा. एखादी जोडणी नोंदवायची राहून गेली, तर पुलासारखा भासणारा नोड प्रत्यक्षात पूल नसू शकतो. दुसरी खोड वेळखाऊपणाची. बिटवीननेस झटपट काढणाऱ्या ब्रँडेसच्या २००१च्या पद्धतीनेही, सगळ्या जोडण्या सारख्याच मानलेल्या जाळ्यात, नोडांची संख्या गुणिले जोडण्यांची संख्या इतके काम पडते. लाखो नोड असतील तर नमुना घेऊन अंदाज काढण्यावर समाधान मानावे लागते.

डिग्रीला हिणवू नका. थेट संपर्काने पसरणाऱ्या गोष्टीचा पहिला अंदाज तीच देते, मोजायला सोपी आणि कुणालाही समजावता येते. मी सुरुवात नेहमी तिथूनच करतो.

क्लोजनेसवर माझा फारसा जीव नाही. सगळ्यांपर्यंत सरासरी किती लवकर पोहोचता येते, हे तो सांगतो. पण दाट जाळ्यात सगळ्यांचे आकडे जवळजवळ सारखे येतात, आणि जाळे तुकड्यांत असेल तर अंतर अनंत होऊन हिशेबच कोसळतो. वापरायचाच असेल तर अंतरांच्या व्यस्तांची बेरीज करणारा हार्मोनिक प्रकार घ्या.

जोडण्यांना दिशा असेल, म्हणजे कोण कुणाला दुवा देतो किंवा कोण कुणाचा आधार घेतो, तर पेजरँक. वजनदार नोडाकडून आलेला दुवा जास्त मोलाचा, ही आयगेनव्हेक्टरचीच कल्पना. फक्त एकाच दिशेने वाहणाऱ्या, कुठेही चक्र नसलेल्या जाळ्यात आयगेनव्हेक्टर सगळ्यांना शून्य देऊन मोकळा होतो. गूगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी १९९८मध्ये त्यावर तोड काढली: ०.८५ शक्यतेने दुव्यामागे जायचे, उरलेल्या वेळी कुठेही उडी मारायची. हा ०.८५ बदलून क्रमवारी हलते का, हे एकदा जरूर तपासा. वरचे दोन-तीन नोड जागा बदलत असतील तर त्यांच्यातला फरक कुणाला ठासून सांगू नका.