ट्युलिप-हायसिंथचे कंद गोव्यात लावले: ऑक्टोबर ते मार्चचा पूर्ण अनुभव

गेल्या ऑक्टोबरात ऑनलाईन वीस कंदांचा सेट मागवला होता, दहा ट्युलिप, पाच हायसिंथ आणि पाच पेपरव्हाइट म्हणजे नर्गिसमधला पांढरा प्रकार. आता मार्च संपत आलाय, शेवटचं फूलही गळलं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते, कारण मी मागवायच्या आधी शोधत होते तेव्हा जे काही सापडलं ते हिमाचल नाहीतर काश्मीरचं, गोव्याचं काहीच नाही. आमचं घर फोंड्याजवळ, परसात अबोली, जास्वंद, शेवंती, आणि जानेवारीतसुद्धा दुपारी बत्तीस-तेहतीस डिग्री. तेव्हा तुमच्याकडेही अशीच हवा असेल तर पुढचं वाचा.

मागवायचं कारण म्हणजे माझी ताई. ती कॅनडात ओटावाला असते, तिच्या घरामागे छोटी बाग आहे आणि दर एप्रिल-मेमध्ये ती व्हिडिओ कॉलवर मला अख्खी बाग फिरवते. तिच्याकडे कंद लावायचं काम ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आधी, कंदाच्या उंचीच्या साधारण तिप्पट खोल, आणि मग कितीतरी महिने वर नुसता बर्फ. एप्रिलात बर्फ वितळायला लागला की आधी स्नोड्रॉप आणि क्रोकस, कधीकधी उरलेल्या बर्फातूनच डोकं बाहेर काढतात, मग डॅफोडिल आणि मेमध्ये ट्युलिप. तिकडच्या खारी ट्युलिपचे कंद उकरून खातात पण डॅफोडिलला हात लावत नाहीत कारण ते विषारी, म्हणून ती दोन्ही मिसळून लावते. दुसऱ्या महायुद्धात डच राजघराण्यातल्यांना ओटावात आसरा मिळाला होता, त्याबद्दल १९४५ मध्ये हॉलंडहून एक लाख ट्युलिप कंद भेट आले होते आणि अजूनही मे महिन्यात तिथे ट्युलिपचा उत्सव भरतो, हेही तिच्याकडूनच कळलं. हे सगळं बघून बघून मला वाटायचं की एकदा तरी हे फूल माझ्या हातून उगवायला हवं.

आता मुद्द्याचं. या कंदांना खत लागत नाही, भारी माती लागत नाही, लागते ती थंडी, आणि तीसुद्धा मोजून. ट्युलिपची कळी कंदात आधीच तयार असते (एक कंद आला तोच कुजका होता, तो मधोमध कापून बघितला तर आत खरंच इवलीशी कळी होती, मी कितीतरी वेळ बघत बसले), पण काही आठवडे थंडीत काढल्याशिवाय तिचा दांडा लांबत नाही. ट्युलिपला १२ ते १६ आठवडे, हायसिंथला १० ते १४, तापमान ४ ते ९ डिग्री. पेपरव्हाइटला थंडी लागतच नाही. आपल्याकडे हा हिवाळा फक्त फ्रीजमध्ये मिळतो, फ्रीजरमध्ये नाही हां, तिथे कंद गोठून मरतो.

मी ४ ऑक्टोबरला कागदी पिशवीत घालून भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. प्लास्टिकची पिशवी नको, आपल्या दमट हवेत आत घाम धरतो आणि बुरशी येते. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे कांदे फ्रीजांत कित्याक गो दवरल्यात?" (का ठेवलेत?) आणि तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, कारण दिसायला ते अगदी कांदेच आणि पोटात गेले तर विषारी. लगेच मोठ्या अक्षरात "खायचे नाहीत" असं लिहून पिशवीला चिकटवलं. घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर हे आधी करा. हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजेही घाला, मला मनगटापर्यंत खाज सुटली होती.

सगळ्यात मोठं नुकसान माझ्या एका चुकीमुळे झालं. डिसेंबरात परसातले पिकलेले चिकू त्याच फ्रीजमध्ये ठेवले, आठ-दहा दिवस होते. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि तो कंदातली कळी मारतो, हे मला नंतर कळलं. नऊ ट्युलिपपैकी चारांना नुसती पानं आली, पानं उलगडून बघितली तर आत कागदासारखी वाळलेली कळी. फार वाईट वाटलं, एवढे आठवडे सांभाळून. फ्रीजमध्ये चिकू, केळी, सफरचंद, आंबा काहीही नको, ते जमणार नसेल तर हा सेट मागवूच नका.

पेपरव्हाइट सगळ्यात सोपे. नोव्हेंबरात खडे आणि पाणी घातलेल्या काचेच्या भांड्यात बसवले, महिन्याभरात फुलले, पाचही. पण उष्णतेने दांडे एवढे लांबले की काड्या लावून बांधावे लागले. कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात पाण्यात ४ ते ६ टक्के अल्कोहोल ठेवल्यावर दांडे एक तृतीयांश ते निम्मे बुटके राहिले होते, ते पुढच्या वेळी करून बघणार आहे.

हायसिंथ मात्र मनात बसलं. तीन कंद १० जानेवारीला बाहेर काढले, दोन त्या महिन्याच्या शेवटी. पहिल्या तिघांतला एक पानांतच अडकून बुटका फुलला, कारण मी तो काढल्या काढल्या उजेडात आणि उकाड्यात ठेवला, बाकीचे आठवडाभर आतल्या अंधाऱ्या खोलीत होते ते नीट वर आले. शेवटचे दोन फेब्रुवारीच्या अखेरीस फुलले आणि त्याच दिवसांत सासूबाईंनी बाजारातून सुरंगीचा वळेसर, म्हणजे फुलांचा गजरा, आणला होता. एका खोलीत निळं हायसिंथ, दुसऱ्या खोलीत सुरंगी, संध्याकाळी दार उघडलं की दोन्ही वास मध्येच भेटायचे. ताईला फोनवर हे सांगताना मला रडू आलं, सुरंगीचा वास तिने कितीतरी वर्षांत घेतलेला नाही.

पाच ट्युलिप फुलले, लाल आणि पिवळे, दांडा जेमतेम वीतभर. बल्कांवावर, म्हणजे दारासमोरच्या बसायच्या ओट्यावर, ठेवलेलं फूल दुपारी उकाड्याने ताटलीसारखं सपाट उघडायचं, रात्री थोडं मिटायचं, आणि चौथ्या दिवशी पाकळ्या गळल्या. एसीच्या खोलीत ठेवलेलं आठ दिवस टिकलं.

विक्रेत्याबद्दल सांगायचं तर कंद आकाराने चांगले, टणक, पण पाकिटावर "थंडी दिलेले" असं छापलं होतं त्यावर मी विश्वास ठेवला नाही आणि बरंच झालं. वाटेत किती दिवस उन्हाच्या ट्रकमध्ये होते कुणाला माहीत. कुजक्या कंदाबद्दल दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही.

आणखी एक, हे कंद आपल्याकडे पुढच्या वर्षी फुलतील ही आशा ठेवू नका. ताई फुलं गेल्यावर पानं पिवळी होईपर्यंत कापत नाही, त्यातून कंद पुढच्या वर्षाचं अन्न साठवतो. मीही पानं ठेवली, पण मार्चच्या उन्हात ती दहा दिवसांत वाळली आणि कंद पिचकून गेले.

या ऑक्टोबरात हायसिंथ दहा मागवणार, ट्युलिप पाचच. आणि चिकूंसाठी शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये जागा आत्ताच मागून ठेवलीय.