पाऊस वहीत मोजावा की पडद्यावर? परसातल्या हवामान नोंदींसाठी काय घ्यावं

परसात हवामान मोजायची हौस लागली की पहिला पेच ठरलेला. साधं पर्जन्यमापक आणि कमाल-किमान तापमापक घेऊन वहीत नोंदी करायच्या, की खांबावर बसणारं आणि घरातल्या पडद्यावर आकडे दाखवणारं स्वयंचलित स्टेशन आणायचं? मी चार वर्षं नुसती वही चालवली, त्यानंतर आजतागायत दोन्ही शेजारी शेजारी. मत आधीच सांगून टाकते: पाऊस हाताने मोजा, तापमान आणि हवेचा दाब यंत्रावर सोपवा, आणि वाऱ्याचा आकडा बहुतेक परसांत मनावर घेऊ नका.

पावसापासून सुरुवात करू, कारण खरी चुरस तिथेच आहे.

साधं मापक म्हणजे वर नरसाळं, आत अरुंद नळी, बाहेर रुंद नळकांडं. साधारण १० सेंटिमीटर व्यासाच्या चांगल्या मापकात नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ आतल्या नळीच्या दहापट असतं. त्यामुळे १ मिमी पाऊस नळीत १० मिमी चढतो आणि ०.२ मिमीची भुरभुरसुद्धा नीट वाचता येते. नळी २५ मिमीच्या आसपास भरली की पुढचं पाणी बाहेरच्या नळकांड्यात उतरतं. ते नंतर नळीत ओतून मोजायचं आणि बेरीज करायची. वाचताना गुडघे टेकून डोळे पाण्याच्या पातळीशी आणावे लागतात. पाणी काचेच्या कडेने जरा वर चढलेलं दिसतं, ती कड वाचायची नाही, मधल्या खोलगट भागाचा तळ वाचायचा. चिखलात गुडघे टेकायची तयारी नसेल तर मापक जरा उंच खांबावर लावा. थोडा पाऊस वाऱ्याने निसटेल, पण रोज वाचलं जाईल.

अमेरिकेत १९९७ साली फोर्ट कॉलिन्स इथे पूर आला, तेव्हा काही किलोमीटरच्या अंतरात पावसाच्या आकड्यांमध्ये प्रचंड फरक निघाला. त्यातूनच १९९८ मध्ये कोकोराझ हे हौशी निरीक्षकांचं जाळं उभं राहिलं, आणि ते असंच हाताने वाचायचं मापक वापरतं. परसातला आकडा किती कामाचा असू शकतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

यंत्रात बहुधा टिपिंग बकेट असते. नरसाळ्याखाली सी-सॉसारखी दोन इवली पात्रं. एक भरलं की कलंडतं, दुसरं त्याच्या जागी येतं, आणि प्रत्येक टिचकीला ०.२ मिमीच्या आसपास नोंद होते. अडचण मुसळधार पावसात येते. पात्र कलंडत असतानाच्या त्या क्षणभरात वरून पडणारं पाणी आधीच भरलेल्या पात्रात जातं आणि हिशेबातून सुटतं. एका रात्री माझ्या नळीत ७१.४ मिमी जमले आणि पडद्यावर ६३.२. उलट स्वच्छ आकाशाच्या सकाळी दवाने एखादी टिचकी पडते आणि यंत्र ०.२ मिमी ‘पाऊस’ दाखवतं. थेंबांच्या माऱ्याची कंपनं मोजणारे, हलते भाग नसलेले सेन्सरही मिळतात. ते तुंबत नाहीत, पण जोराच्या वाऱ्याने खांब थरथरला तरी फसू शकतात.

मग यंत्र कशाला? कारण वही ‘किती’ सांगते, ‘केव्हा’ सांगत नाही. रात्रभरात ७० मिमी पडले एवढंच नळी बोलेल. त्यातले ४० पहाटेच्या पाऊण तासात कोसळले, हे फक्त यंत्राला ठाऊक. तुम्ही चार दिवस घराबाहेर असाल तर नळीत चार दिवसांची एकच बेरीज मिळते, तीही ऊन पडलं तर थोडी उडून गेलेली. फिरतीची नोकरी असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर मात करतो.

यंत्र घेतलंच तर पहिल्याच आठवड्यात त्याची परीक्षा घ्या. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ लिटर पाणी ५० मिमी पावसाच्या बरोबरीचं. बाटलीच्या बुडाला सुईने भोक पाडून ते पाणी तासाभरात थेंबथेंब सोडा आणि पडद्यावर किती येतं ते पाहा. घाईने ओतलंत तर आकडा कमी येणारच, आणि दोष यंत्राचा नसेल.

तापमानाच्या बाबतीत मी बाजू बदलते. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा, जुन्या धाटणीचा कमाल-किमान तापमापक मला अजून आवडतो. जेम्स सिक्सने १७८० च्या सुमारास काढलेली युक्ती आहे ती: पारा छोट्या दर्शकांना ढकलत नेतो आणि ते जिथे पोचले तिथेच थांबतात. पण त्यात एक फसवी जागा आहे. कडाक्याच्या पहाटे सातला आकडे वाचून तुम्ही दर्शक खाली आणता, तेव्हा हवा जवळपास तितकीच गार असते. दुसरी पहाट उबदार असली तरी किमान म्हणून कालचाच आकडा पुन्हा मिळतो. एकच थंडी दोन दिवसांच्या नावावर. दर पाच-दहा मिनिटांनी मोजणारं यंत्र ही चूक करत नाही.

मात्र दोघांनाही सावली सारखीच लागते. सेन्सरभोवती झडपांचं पांढरं आवरण हवं, खाली फरशीऐवजी गवत, उंची जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. भिंतीला लावलेला सेन्सर भिंतीचं तापमान सांगतो. स्वस्तातल्या स्टेशनांत हे आवरण तोकडं असतं, आणि वारा पडलेल्या रखरखीत दुपारी आकडा दोन-तीन अंशांनी सहज फुगतो. विकत घेताना पडद्याचे रंग पाहू नका, हे आवरण पाहा.

हवेचा दाब यंत्राकडे द्या आणि विसरा. सेन्सर घरात असला तरी चालतो. उंचीचा हिशेब एकदा घालावा लागतो, समुद्रसपाटीजवळ दर ८ मीटर चढलं की दाब साधारण १ हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) घटतो. नंतर पाहायचा तो आकड्याचा कल.

वाऱ्याची मात्र मला गंमत वाटते. वायुवेगमापक मोकळ्या जागेत १० मीटर उंचीवर असावा, आणि झाड किंवा घर त्याच्या उंचीच्या दहापट अंतरावर असावं, असा प्रमाण नियम आहे. एवढं मोकळं परस कुणाचं असतं? माझं यंत्र वर्षभर सांगतं की इथे वाराच नाही; ते खरं तर कुंपणाबद्दल बोलत असतं. त्यापेक्षा बोफर्ट श्रेणी, म्हणजे आजूबाजूच्या खुणांवरून वाऱ्याच्या जोराला दिलेले आकडे, पाठ करा. पानं सळसळली आणि गालाला वारा लागला की २, धूळ-कागद उडून लहान फांद्या हलल्या की ४, पानांनी भरलेली छोटी झाडं डोलू लागली की ५. त्याला बॅटरी लागत नाही.

देखभालीत लोकांचा अंदाज चुकतो. वहीची पद्धत कष्टाची आणि यंत्र बिनकष्टाचं, असं वाटतं. वहीला रोज दोन मिनिटं लागतात, एवढंच. यंत्र महिनोन्महिने काही मागत नाही आणि मग नेमकं भर पावसात शिडी मागतं. कोळ्याला नरसाळ्याखालची ती अंधारी पोकळी फार आवडते. गेल्या पावसाळ्यात पडद्यावर अख्खा दिवस शून्य होतं आणि बाहेर पागोळ्या लागलेल्या. झाकण काढलं तर पात्रांच्या मधोमध जाळं, कलंडायला जागाच नाही. नळी शेजारी नसती तर तो दिवस माझ्याकडे कोरडा म्हणून राहिला असता. पानगळीत नरसाळं तुंबतं, मग पाणी थेंबथेंब झिरपतं आणि उघडीप झाल्यावरही यंत्राला पाऊस दिसत राहतो. गोठवणारी थंडी पडते तिथे हाताच्या मापकाचं नरसाळं आणि आतली नळी आधीच काढून ठेवा, नाहीतर बर्फ नळी फोडतो. बाहेरच्या नळकांड्यात साठलेला बर्फ मोजून घेतलेल्या कोमट पाण्याने वितळवायचा आणि ते पाणी वजा करायचं. तिथे सेन्सरमध्ये साध्या अल्कलाइन बॅटऱ्याही मान टाकतात, लिथियमच्या घाला.

रोज एका ठरावीक वेळी परसात पाय ठेवणार असाल, तर नुसत्या नळीने सुरुवात करा, आणि वर्षभर वही टिकली तर यंत्राचा विचार करा. सकाळी बाहेर पडायला जमतच नसेल तर थेट यंत्र घ्या; वही तिसऱ्या आठवड्यात बंद पडेल. दोन्ही घेणार असाल तर दोघांमध्ये चार-पाच पावलं अंतर ठेवा आणि लगेच यंत्राचा गुणक (पडद्यावरचा पाऊस कमी-जास्त करून दुरुस्त करणारा आकडा) फिरवायला जाऊ नका. एका पावसावरून काही ठरत नाही. महिन्याची बेरीज समोर ठेवा, तफावत दर महिन्याला एकाच दिशेने दिसली तरच हात लावा, आणि त्याआधी झाकण उघडून कोळी पाहा.