एएम४ की एएम५? आधी रॅमचा हिशेब करा

एएम४ आणि एएम५ हे एएमडीचे प्रोसेसर बसवायचे दोन सॉकेट: पहिल्यावर डीडीआर४ पिढीची रॅम चालते, दुसऱ्यावर डीडीआर५. कमी बजेटच्या गेमिंग पीसीसाठी सध्या दोन जोड्या समोर येतात. पहिली एएम४ ची: बी५५० मदरबोर्ड, रायझन ५ ५६०० आणि डीडीआर४ रॅम. दुसरी एएम५ ची: ए६२० किंवा बी६५० मदरबोर्ड, रायझन ५ ७५००एफ आणि डीडीआर५. बरेच जण आधी बोर्ड पसंत करतात आणि उरलेल्या पैशांत बसेल ती रॅम घेतात. हे उलटं करायला हवं. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे मेमरी चिपचे भाव भडकले, त्यामुळे या दोन जोड्यांतला खरा फरक आता रॅमच्या बिलातच दिसतो.

डीडीआर४ मध्ये ८ जीबीच्या दोन स्टिक घेतल्या की १६ जीबी ड्युअल चॅनलवर (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून) चालते आणि बहुतेक गेमना तेवढी पुरते. डीडीआर५ मध्ये हा हिशेब जमत नाही. तिथे ८ जीबीच्या स्टिकवर सहसा चारच चिप असतात आणि त्यांची आतली रचना अशी, की ती १६ जीबीच्या स्टिकपेक्षा मागे पडते. म्हणजे नीट करायचं तर १६ च्या दोन, एकूण ३२ जीबी. एएम५ चा बोर्ड स्वस्तात मिळाला म्हणून खूश होण्याआधी हा आकडा मांडा.

रॅम घेताना पाकिटावरचा नुसता वेग बघू नका, सीएलही (रॅमला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ दाखवणारा आकडा) बघा. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागलं की नॅनोसेकंद मिळतात, ते जितके कमी तितकं चांगलं. ३२०० सीएल१६ चे १० येतात, ६००० सीएल३० चेही १०. पण ३२०० सीएल२२ चे १३.७५ आणि ४८०० सीएल४० चे जवळपास १६.७. लॅमिंग्टन रोडवर ऑफिसच्या मशीनमधून काढलेली डीडीआर४ मिळाली, तर ती बहुधा सीएल२२ ची किंवा २६६६ ची असेल. चालेल, पण भाव त्याच हिशेबाने करा.

बोर्डाबाबत माझं मत स्पष्ट आहे: दिव्यांना आणि देखण्या हीटसिंकला पैसे देऊ नका. एएम४ मध्ये मात्र बी४५० आणि ए५२० सोडून बी५५० घ्या. पहिल्या दोघांत पीसीआयई, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग, जुन्या ३.० आवृत्तीचा आहे. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० सारखं ग्राफिक्स कार्ड त्या मार्गाच्या आठच लेन वापरतं, त्यामुळे ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की ३.० वर त्याची जास्त दमछाक होते. एएम५ मध्ये ए६२० पुरतो. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता (ठरलेल्या वेगाच्या वर चालवता) येत नाही, पण एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालतं आणि ७५००एफ ला त्याहून जास्त लागत नाही.

इंटेलच्या आय५-१२४००एफ वाल्यांनी बी६६० किंवा बी७६० चा डीडीआर४ बोर्ड बघावा. एच६१० वर रॅमचा वेग वाढवता येत नाही.

पुढे अपग्रेड कुठे करता येईल? एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय. एएम४ वर ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी ही वरची पायरी होती, पण ते प्रोसेसर आता सहज मिळत नाहीत. म्हणून तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल आणि ३२ जीबी डीडीआर५ आज झेपत असेल, तर एएम५ घ्या. त्यासाठी ग्राफिक्स कार्डाचे पैसे कापावे लागत असतील तर एएम४ च घ्या. १०८०पी वर फ्रेम वाढतात त्या मुख्यतः कार्डामुळेच.

जोडणी झाल्यावर स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असल्याची खात्री करा (बोर्डावर दोनच स्लॉट असतील तर प्रश्नच नाही). मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सपो किंवा त्याच कामाचं एक्सएमपी सुरू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वरच चालत राहील. एएम५ वर पहिल्यांदा मशीन सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, वीज बंद करू नका.