ओव्ह्युलेशन किट : एएमएच (बीजांचा साठा सांगणारं हार्मोन) कमी असलेल्यांनी खोकं घ्यावं की सुट्ट्या पट्ट्या? (बरेच महिने वापरून)

बीज कधी सुटणार ते लघवीवरून सांगणाऱ्या या पट्ट्यांचा रिव्ह्यू लिहायचा मला कंटाळाच, पण परवा सुट्ट्या पट्ट्यांची कस्टमर केअरवाली तिसऱ्यांदा म्हणाली "मॅडम सील ओपन आहे, रिप्लेसमेंट नाही होणार" आणि डोकंच फिरलं. अहो, सील न फोडता पट्टी खराब निघाली हे कळणार कसं मला? पाकिटातल्या ओळीने तीन पट्ट्यांवर कंट्रोल लाइनच (पट्टी नीट चालतेय हे दाखवणारी रेघ) आली नाही. म्हणजे टेस्ट बाद, पैसे पाण्यात, आणि नेमके ते दिवस गेले.

पट्टी कशी वापरायची ते सगळ्यांना माहितीय, त्यात जात नाही. माझी केस मात्र सांगते, नाहीतर तक्रार कळणार नाही. वय ३६, एएमएच ०.६, पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूंचे मिळून चार फॉलिकल (ज्यात बीज वाढतं त्या पिशव्या). डॉक्टरबाईंनी आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) सांगून ठेवलंय, मेडिक्लेममध्ये ते बसत नाही, सगळं खिशातून, म्हणून पैशांची जुळणी होईपर्यंत घरचे प्रयत्न. त्या हो म्हणाल्या, फक्त "फार ताणू नका" एवढं बजावलं.

तर आधी मेडिकलमधलं खोकं. रिझल्ट चांगला, रेघ स्वच्छ, ड्रॉपर ठीक. पण पट्ट्या पाच!! पाचच का? ज्या बाईची पाळी २८ दिवसांवर घड्याळासारखी येते तिला पुरतील, अकराव्या दिवशी सुरू करा, दोन-तीन दिवसांत एलएच (बीज सुटायला लावणारं हार्मोन, पट्टी तेच मोजते) वाढलेलं दिसेल, संपलं. पण रिझर्व्ह, म्हणजे बीजांचा साठा, कमी असला की पाळी आखडायला लागते. माझी आधी २८-२९ ची होती, आता कधी २३ कधी २७. डॉक्टरबाईंनी कारण समजावलं ते असं, की फॉलिकल कमी म्हणजे इनहिबिन (एफएसएचला आवर घालणारं हार्मोन) कमी, त्यामुळे एफएसएच (फॉलिकल वाढवणारं हार्मोन) लवकर चढतं, फॉलिकल लवकर वाढीला लागतं आणि बीज नवव्या-दहाव्या दिवशीच सुटू शकतं. मग मी सातव्या दिवसापासून तपासू की नवव्या? खोक्यातल्या कागदावर तक्ता आहे, तुमची पाळी किती दिवसांची तो आकडा बघा म्हणे. अहो तो आकडाच दर महिन्याला बदलतोय ना! सातव्याला सुरू केलं तर अकराव्याला पट्ट्या संपतात आणि मग दुसरं खोकं. म्हणजे ज्यांना जास्त पट्ट्या लागतात त्यांनीच दुप्पट मोजायचे. नवरा म्हणतो "एवढं काय त्या पाचचं घेऊन बसलीस", त्याला काय जातंय, बिल मी भरते.

मग ऑनलाइन सुट्ट्या पट्ट्यांचं पाकीट घेतलं आणि खरं सांगते मत बदललं. एका पट्टीची किंमत खोक्यातल्या पट्टीच्या निम्म्याहूनही कमी. रेघ जरा फिकी येते, पण दिवसातून दोनदा बघता येतं, हात आखडता घ्यावा लागत नाही. माझं वाढलेलं एलएच कित्येकदा फक्त संध्याकाळच्या पट्टीवर दिसलं, सकाळी काहीच नव्हतं. पाच पट्ट्यांत हे कळलंच नसतं. टेस्टच्या आधी दोन तास पाणी कमी प्यायचं, बँकेत उन्हाळ्यात ते जमवणं हा वेगळाच वैताग. आणि हो, टेस्टची रेघ कंट्रोलइतकी किंवा जास्त गडद हवी, नुसत्या दोन रेघा दिसल्या म्हणून नाचू नका.

आता पट्टीकडून काय अपेक्षा ठेवायची नाही ते. पट्टी फक्त एलएच वाढलं एवढं सांगते, बीज साधारण २४ ते ३६ तासांत सुटेल असा अंदाज. सुटलंच का, चांगलं होतं का, ते तिला कळत नाही. माझ्या एका महिन्यात पट्टी कडक पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत फॉलिकल फुटलेलंच नाही. ज्यांचं एफएसएच-एलएच दोन्ही कायम चढलेलं असतं त्यांची पट्टी रोजच गडद येऊ शकते, त्यांनी यावर खर्चच करू नये, सरळ फॉलिक्युलर स्टडी (फॉलिकलची वाढ बघणाऱ्या सोनोग्राफी) करावी.

अपडेट : वरचं लिहून झाल्यावर नणंदेने विचारलं की एएमएच एवढं कमी तर पट्ट्या कशाला? एएमएच बीजांची संख्या सांगतं, दर्जा नाही. २०१७ साली जामा या जर्नलमध्ये ३० ते ४४ वयाच्या ७५० बायकांचा अभ्यास आला होता, त्यात ०.७ च्या खाली एएमएच असलेल्यांना नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता बाकीच्यांपेक्षा कमी दिसली नाही. पण त्या बायकांना आधी वंध्यत्वाचा त्रास नव्हता आणि त्यांनी नुकतेच प्रयत्न सुरू केले होते, त्यामुळे मी तो कागद फ्रेम करून लावणार नाहीये. आणि ३६ वय ते ३६ च, दर्जा वयानेच ठरतो जास्त करून.

खोक्याला २ स्टार. सुट्ट्या पट्ट्यांना ४ देणार होते, त्या कस्टमर केअरमुळे ३. सोबत कप येत नाही, खोकल्याच्या औषधाचं जुनं मापाचं झाकण वापरा, विकत कप घेऊ नका. एक्सपायरी बघून घ्या, आणि पाकीट फोडल्या फोडल्या एक पट्टी साधीच भिजवून कंट्रोल लाइन येते का बघा. ५० चं पाकीट २५ च्या पाकिटापेक्षा हिशोबाने स्वस्त पडतं, पण मी या वेळी २५ चंच मागवलंय, कारण दिवाळीनंतरची आयव्हीएफची अपॉइंटमेंट घेतलीय.