ई-पुस्तकांची सुविधा: चोपड्याहून एक अभिप्राय

चोपडा तालुक्यातील आमच्या महाविद्यालयाने एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेचे सभासदत्व घेतले, तेव्हापासून मी ही सुविधा वापरत आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या उच्च शिक्षणातील ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रामार्फत चालणाऱ्या या योजनेत महाविद्यालय वार्षिक शुल्क भरते आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र लॉगिन मिळते; त्यामुळे जी संदर्भपुस्तके पाहण्यासाठी एरवी जळगावची एसटी धरावी लागली असती, ती सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात बसून मोबाईलवर वाचता येतात. पदरचा एक रुपयाही जात नाही, हे केळीच्या भावावर घर चालणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

लॉगिन मिळायला मात्र तीन आठवडे गेले, कारण ग्रंथालयात नावनोंदणीचे काम पाहणारी व्यक्ती एकच. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर पीडीएफची दोन स्तंभांची पाने वाचणे हीसुद्धा शिक्षाच आहे.

खरी अडचण भाषेची आहे. संग्रहातील बहुतांश पुस्तके इंग्रजीत आहेत आणि घरी अहिराणी, वर्गात मराठी बोलणारा कला शाखेचा विद्यार्थी पहिल्याच प्रकरणात अडखळतो. 22 भारतीय भाषांत पाच वर्षांत 22,000 पुस्तके तयार करण्याचा 'अस्मिता' प्रकल्प जुलै 2024 मध्ये जाहीर झाला, तर 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात डिजिटल स्वरूपातील भारतीय भाषा पुस्तक योजना आली. धोरणाची दिशा योग्यच आहे. परंतु माझ्या अर्थशास्त्राच्या पेपरासाठी मी अजूनही वरच्या वर्गातील मुलीच्या मराठी नोट्सची झेरॉक्स काढतो.

पाचपैकी तीन तारे.