शिफारशी बंद, फीड रीडर चालू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

यूट्यूबची हिस्ट्री बंद, गुगलचे वैयक्तिक निकाल बंद आणि बातम्यांसाठी अँड्रॉइडवर ‘फीडर’ हे मोफत आरएसएस ॲप. (आरएसएस म्हणजे इथे संघ नव्हे. संकेतस्थळावर नवं काही आलं की त्याची यादी थेट हातात देणारी ही जुनी सोय.) गोव्यात ही मांडणी आठ महिने रोज वापरून झाली आहे. वेळ वाचतो, यात शंका नाही. पण वेगळे विचार आपोआप समोर येतील या आशेने कुणी हे करणार असेल, तर तसं होत नाही.

यूट्यूबची हिस्ट्री ‘माय ॲक्टिव्हिटी’त जाऊन थांबवायची आणि आधीची पुसायचीही. नुसती थांबवली तर जुन्या नोंदींवर शिफारशी येत राहतात. दोन्ही केलं की मुखपृष्ठ रिकामं दिसतं; ऑगस्ट २०२३ पासून ही पद्धत आहे. तरी व्हिडिओशेजारची यादी राहतेच, कारण ती चालू व्हिडिओवरूनही बनते. म्हादईवरचा (गोवा-कर्नाटक पाणीवादातली नदी) एक तावातावाचा व्हिडिओ लावला की बाजूला त्याच सुराची रांग लागते. ऑटोप्ले बंद ठेवा. टीव्हीवर घरातल्या दुसऱ्या कुणाचं खातं असेल तर तिथली हिस्ट्री वेगळी बंद करावी लागते. हे हमखास राहून जातं.

गुगलवर निकालाच्या पत्त्याला शेवटी अँड-चिन्ह आणि ‘पीडब्ल्यूएस=०’ इंग्रजी अक्षरांत जोडलं की वैयक्तिक छटा जाते. ठिकाणाची छटा मात्र जात नाही, इनकॉग्निटोतही नाही. दूरसंचाराच्या नकाशावर गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो, त्यामुळे मोबाइल डेटावर कधीकधी आपण मुंबई-पुण्यात बसलोय असं समजून निकाल येतात.

खरी अडचण वेगळीच निघाली. ‘म्हादई’ असं देवनागरीत शोधलं की गोव्याची बाजू मिळते. कर्नाटकात त्याच नदीला ‘महदायी’ म्हणतात, पाणीवाटपाच्या लवादाच्या अधिकृत इंग्रजी नावातही तेच रूप आहे, आणि ते टाकलं की पानच बदलतं. इथे अल्गोरिदमने काही लपवलेलं नसतं. आपण टाइप केलेल्या नावानेच बाजू ठरते. लवादाच्या १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट), गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ असं वाटप आहे. कर्नाटकाच्या १३.४२ पैकी ८.०२ वीजनिर्मितीसाठी, १.५ खोऱ्यातल्याच वापरासाठी आणि ३.९ (कळसा नाला १.७२, भांडुरा नाला २.१८) बाहेर वळवण्यासाठी. मथळ्यात यातला कुठला आकडा घेतला यावर वाचणाऱ्याचा राग ठरतो. ही फोड दोन्ही नावांनी शोधल्याशिवाय क्वचितच एकत्र सापडते. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीचं तर विचारूच नका : देवनागरीत शोध घेऊन तो मजकूर सहसा हाती लागत नाही, आणि गावागावातल्या जमीन-रूपांतराच्या वादात तिथे वेगळंच बोललं जात असतं.

म्हणून फीडरमध्ये विषयांचे टॅग न करता बाजूंचे केले : गोवा मराठी, गोवा इंग्रजी, कोंकणी, बेळगाव-कर्नाटक, सरकारी. प्रत्येकात चार ते पाच स्रोत, जास्त नाहीत. एका टॅगमध्ये बारा झाले की तोच वाचला जातो आणि आपणच एकाच सुराचा नवा बुडबुडा फुगवतो. वर्डप्रेसवरच्या संकेतस्थळाच्या पत्त्यामागे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहिलं की बहुतेक वेळा काम होतं. यूट्यूब चॅनेलसाठी त्याचा ‘यूसी’ने सुरू होणारा आयडी लागतो, चॅनेलच्या माहितीत ‘शेअर’खाली तो कॉपी करता येतो. या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओच येतात. वृत्तवाहिनी दिवसाला चाळीस टाकत असेल आणि सिंक दिवसातून एकदा असेल तर अर्ध्याहून जास्त गळतात, म्हणून सिंक तासाला ठेवा.

त्रास : काही दैनिकं फीड देतच नाहीत, काहींची बातमी दोन ओळींत तुटते, ई-पेपर तर नुसतं चित्र. काही फीड गाजावाजा न करता मरतात, आणि आपल्याला वाटतं त्या बाजूला शांतता आहे. महिन्यातून एकदा प्रत्येकाची शेवटची तारीख पाहा.

नुसता कालक्रम लावून भागेल असं वाटत असेल, तर अमेरिकेच्या २०२० च्या निवडणुकीच्या वेळी फेसबुक-इन्स्टाग्रामवर झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. तीन महिने कालक्रमाने पोस्टी दाखवल्या. लोकांचा तिथला वेळ घटला, राजकीय आणि अविश्वसनीय स्रोतांचा मजकूर वाढला, मतांचं ध्रुवीकरण मात्र मोजण्याइतकं हललं नाही. इथला अनुभवही त्याच वळणाचा : पाट्या बदलल्या, आवड तीच. बेळगावचा टॅग पहिले दोन महिने न वाचताच ‘वाचलेलं’ म्हणून पुसला जात होता. तो यादीत सर्वांत वर आणल्यावर, म्हणजे नावाआधी शून्याचा आकडा लावल्यावर, उघडला जाऊ लागला.

व्हॉट्सॲपला यातलं काहीच लागू नाही. तिथे अल्गोरिदम नसतो, वाड्यावरचे ग्रुप असतात.

फोन बदलण्याआधी ॲपमधून ओपीएमएल (फीडच्या यादीची) फाइल काढून ठेवा; तीत स्रोत येतात, वाचलेल्या-न वाचलेल्याच्या खुणा येत नाहीत.