पेन्शनचा नॉमिनी: भाऊ की भाची?

लग्न केलं नाही, मुलंबाळं नाहीत, आई-बाबा दोघंही गेले, अशा माणसापुढे नॉमिनी म्हणून बहुतेक वेळा दोनच पर्याय उरतात, सख्खा भाऊ-बहीण नाहीतर पुढच्या पिढीतलं कुणीतरी. माझ्यापुढे दादा (वय 63) आणि ताईची मुलगी (वय 29) होते. गेल्या वर्षी बरेच दिवस घोळ घालून ठरवलं म्हणून लिहितोय, तुमच्या घरची गोष्ट वेगळी असू शकते.

सरकारी नोकरीतली फॅमिली पेन्शन यात धरू नका. ती नियमात बसणाऱ्या कुटुंबीयांनाच मिळते, मृत्युपत्रात कुणाच्या नावे लिहून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच तसं सांगितलंय. मी प्रायव्हेटवाला, त्यामुळे पुढचं सगळं पीएफ, ईपीएस-95 (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) आणि एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) यांबद्दल.

दादा व्यवहाराला एकदम चोख, बाबांच्या आजारपणात सगळी बिलं त्यानेच सांभाळली. शिवाय आमच्यासारख्यांच्या बाबतीत हिंदू वारसा कायद्याने भाऊ-बहीण पुढे येतात, भाचे-पुतणे त्यांच्या मागे, त्यामुळे दादाचं नाव घातलं तर कुणालाच खटकलं नसतं. भाची लांब, बंगळुरूला, पण दर रविवारी न चुकता मामाला फोन करते.

माझा निर्णय भाचीच्या बाजूने झाला तो मात्र आत्यामुळे. तीही एकटीच, नॉमिनी म्हणून माझ्या बाबांचं नाव टाकलं होतं, दोघांत दोन वर्षांचं अंतर. बाबा आधी गेले, आणि त्या दुःखात फॉर्म बदलायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नंतर आत्या गेली तेव्हा कागदावरचा नॉमिनी हयात नाही म्हणून कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा असं सांगितलं, मग वकील, पेपरात नोटीस, सगळ्या चुलत-आते भावंडांच्या सह्या, त्यातला एक जण दुबईला, यात सव्वा वर्ष गेलं. रक्कम फार नव्हती, पण जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं तिच्या पैशासाठी इतके खेटे घालताना फार वाईट वाटायचं. तेव्हापासून मला वाटतं, आपल्याच वयाचा नॉमिनी म्हणजे आपल्याबरोबरच म्हातारा होणारा फॉर्म.

ईपीएसचं गणितही भाचीकडेच झुकतं. जोडीदार-मुलं नसताना सभासद गेला तर नॉमिनीला महिन्याची पेन्शन मिळते, तीही त्याच्या हयातीपर्यंत. दादाला ती किती वर्षं मिळणार आणि भाचीला किती, तुम्हीच बघा. एनपीएसमध्ये तीन नॉमिनी टक्केवारीने टाकता येतात, तिथे मी दादालाही ठेवलंय. पुढे अ‍ॅन्युइटी (जमलेले पैसे देऊन घ्यायची महिन्याची पेन्शन) घेताना, आपल्या मागे नॉमिनीला खरेदी किंमत परत मिळणारा प्रकार घेणार आहे, महिन्याला थोडं कमी येतं पण मागे काहीतरी उरतं. स्वतःच्या औषधपाण्याला पैसे कमी पडणार असतील तर किंमत परत न मिळणारा प्रकार घ्या, त्यात काही चूक नाही.

भाचीचं नाव टाकायचं तर एक काम टाळू नका, मृत्युपत्र. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, विम्याबाबत 1984 मध्ये आणि प्रॉव्हिडंट फंडाबाबत 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय. नुसता फॉर्म भरला तर पैसे भाचीच्या खात्यात येतील पण हक्क ताई आणि दादाचा राहील. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं मृत्युपत्रही चालतं, मी तरी रजिस्टर करून घेतलं. आणि हो, उद्या लग्न केलंत तर पीएफचं आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, परत भरावं लागतं.

फॉर्म भरायच्या आधी दादाला घरी जाऊन सांगितलं. तो म्हणाला, तिचं लग्नानंतर नाव बदललं तर आधार बघून फॉर्मही बदल, आत्यासारखं करू नकोस.